बेपत्ता माणसाचं कुंकू

मी मुळातच संशयी. दूध नासलं तर मी आधी दूधवाल्याकडे बघते, मग उन्हाकडे. नवरा म्हणायचा, तुला पोलिसात घातलं असतं तर निम्मं शॉमबर्ग गाव आत गेलं असतं. म्हणू दे. ज्याचा बाप पेन्शन घेऊन आरामखुर्चीत पेपर वाचत बसतो, त्याला जगावर विश्वास ठेवायला काय जातंय?

माझे वडील मालवाहू बोटीवर आगवाले होते. म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून बॉयलरच्या तोंडात कोळसा घालायचा. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावातले निम्मेअधिक पुरुष असेच बोटीवर. दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना ते शेवटचे गेले, तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, आठवतो असं मी लोकांना सांगत आले ते खोटं आहे. पुढे कंपनीकडून मुंबईमार्गे कळवलं गेलं की बोट उत्तरेकडच्या समुद्रात बुडाली आणि हा माणूस बेपत्ता आहे. मेला असं कुणी म्हटलं नाही. बेपत्ता म्हटलं.

आईने तो एवढा एक शब्द मुठीत धरला आणि सोडला नाही. कुंकू पुसलं नाही, हिरव्या बांगड्या उतरवल्या नाहीत. बारा वर्षं उलटल्यावर माझा काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, एक दिवस भटजींना घेऊन अंगणात आला. माणूस बारा वर्षं सापडला नाही तर पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि सुतक धरून मोकळे होतात. आईने भटजींना पायरी चढू दिली नाही. "माझा नवरा बेपत्ता आहे, असं साहेबाने लिहून दिलंय," ती म्हणाली. "जित्या माणसाला जाळायला निघालात काय?" भटजी घाबरून गेले. काका मात्र दर दोन-चार महिन्यांनी यायचाच, कधी भटजींना घेऊन, कधी वाटणीची गोष्ट घेऊन. घर आणि नारळाची बाग त्याला पाहिजे होती हे मला त्या वयातही कळायचं. मी त्याला तोंडावर काका म्हणायचे आणि पाठीमागे काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर काका वारला, गावी आई एकटी पडली, आणि मी तिला आमच्याकडे आणलं. आम्ही तेव्हा अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला होतो. नवऱ्याचं ऑफिस तिथलंच, माझी बँकेतली नोकरी, दहा वर्षांची मुलगी. मुलगी आजीशी इंग्लिशमध्ये बोलायची, आजी तिच्याशी आमच्या खाडीकाठच्या मराठीत, आणि दोघींचं मस्त चालायचं. माझंच कुणाशी चालत नव्हतं.

त्या जानेवारीत मराठी मंडळींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आईला घेऊन गेले. सत्तरीकडे झुकलेली बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि सोबत नवरा नाही. एका काकूंनी गोड आवाजात विचारलं, "तुमचे मिस्टर गावीच असतात का?" आईने सांगितलं, "बोटीवर गेलेत." कधी, ते सांगितलं नाही. काकूंनी वाण तर दिलं, पण मग किचनमध्ये जाऊन दुसरीच्या कानात काहीतरी पुटपुटल्या आणि दोघींनी एकदम आमच्याकडे बघितलं. मी तिथेच म्हणाले, "काय ते मोठ्याने बोला की, आम्हालाही कळू दे." सगळ्या तिळगूळ वाटायला लागल्या. पुढच्या वर्षी आम्हाला बोलावणं आलं नाही, बरं झालं.

घरी येताना गाडीत आईने वाण पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या बापाला आजवर कुणी घोटभर पाणी दिलं नाही गो. मरायच्या आधी एकदा त्याचं काय झालं ते मला कळू दे."

ही खरी अडचण होती आणि ती मला लहानपणापासून पाठ होती. वडील मेलेले असतील तर त्यांचं एकही श्राद्ध झालेलं नाही, म्हणजे इतकी वर्षं आईने आपल्याच नवऱ्याला उपाशी ठेवलं. आणि ते कुठे तरी जिवंत असतील, तर पिंड ठेवला की आईनेच त्यांना मारलं. दोन्हीकडून मरण बिचारीचं. कुणाला विचारायचं? कंपनी केव्हाच बंद झाली होती आणि समुद्राला विचारता येत नाही.

आता शेजाऱ्याकडे येते. आमच्या डाव्या बाजूला एक म्हातारा एकटाच राहायचा. अमेरिकन, उंच, हाडकुळा, मितभाषी. त्याचं पुढचं दार कधीही पूर्ण लागलेलं नसायचं. बाहेरचं काचेचं दार बंद, पण आतलं लाकडी दार वीतभर उघडं आणि खाली लाकडाची पाचर. शिकागोकडची थंडी म्हणजे नाकातलं पाणी गोठतं, आणि हा दार उघडं ठेवून बसतो! घरातली हीटिंग काय रस्त्याला देतो? मला पहिल्या दिवसापासून खात्री होती की तो त्या फटीतून आमच्यावर नजर ठेवतो. आम्ही रविवारी कुणाला बोलावतो, कुकरच्या किती शिट्ट्या होतात, सगळं. मी आमचे त्या बाजूचे पडदे कायमचे ओढून टाकले.

नवऱ्याचं उलटं. जगातला कुठलाही माणूस दोन वाक्यं गोड बोलला की हा त्याचा भाऊ. एका शनिवारी त्या म्हाताऱ्याच्या ड्राइव्हवेवरचा स्नो काढून दिला आणि तासभर तिथेच बोलत उभा राहिला. घरात आला तो कान लाल आणि तोंड भरून हसू.

"अगं, लढाईच्या वेळी तो बोटीवर होता! रशियाला दारूगोळा न्यायचे ना, त्या ताफ्यांत. उत्तर ध्रुवाजवळून. पन्नास पन्नास बोटी एकत्र, वरून विमानं, खालून पाणबुड्या. आणि ते दार का उघडं ठेवतो माहितीय? बोटीला टॉर्पेडो लागला की सगळी चौकट वाकते आणि दार अडकतं. माणूस आत कोंडून मरतो. म्हणून ते लोक झोपताना दार आकड्याला लावून अर्धं उघडं ठेवायचे. त्याला अजून बंद दाराच्या आत झोप येत नाही."

"या वयाचा प्रत्येक म्हातारा लढाईतच होता," मी म्हणाले. "कुणी भांडी घासत होता असं कधी ऐकलंय? आणि मग चार जुलैच्या परेडमध्ये का नव्हता? छातीवर बिल्ले लावून सगळे चालत होते, हा फुटपाथवर हात बांधून उभा होता. मी बघितलं ना."

"तेही विचारलं मी. माल नेणाऱ्या खलाशांना सरकार सैनिक धरत नाही म्हणे. गणवेश नाही, पेन्शन नाही, काही नाही."

"हो का? फारच सोयीचं!"

इथपर्यंत ठीक होतं. पण आमच्या या धर्मराजाने त्याला हेही सांगून टाकलं होतं की माझे वडील अशाच एका बोटीवर बेपत्ता झाले आणि आई अजून वाट बघतेय. मी कपाळावर हात मारला. घरातली गोष्ट अशी स्नोच्या फावड्याबरोबर रस्त्यावर नेऊन टाकायची?

आणि मग व्हायचं तेच झालं. दोन-तीन दिवसांनी म्हाताऱ्याला आठवलं. आधी आठवलं नव्हतं बरं का, आम्ही सांगितल्यावर आठवलं. त्याच्या ताफ्यात एक इंग्रजांची बोट होती आणि तिच्यावर खलाशी हिंदुस्थानी होते. तिला टॉर्पेडो लागला. पण मागून एक सुटका करणारी बोट आली, काळोखात तिचे दिवे हलताना दिसले, तिने माणसं पाण्यातून उचलली आणि रशियाच्या उत्तरेला एका बंदरातल्या हॉस्पिटलात नेली. त्यातली काही जगली असतील, असं त्याला वाटतं.

नवऱ्याने हे कुठे सांगावं? जेवणाच्या टेबलावर, आईसमोर. आई भातावर कालवण घेत होती, ती वाटी हातातच राहिली. "काय म्हणाला? जगली?" तिने विचारलं. नवऱ्याने आनंदाने मान हलवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ती एका शब्दावर जगली, आता हा परका माणूस तिच्या हातात आणखी एक खुळखुळा देतो की काय? म्हणजे आता तिने रशियाची वाट बघत बसायचं?

माझ्या रागाला नुसती सवय हेच कारण नव्हतं. आमच्या गावात एक जुना सारंग होता, खलाशांचा मुकादम. तो नेहमी सांगायचा की आपल्या माणसांच्या करारातच असतं, फार उत्तरेच्या थंडीत त्यांना न्यायचं नाही, कोकणातली माणसं तिथे टिकत नाहीत. मग बर्फाच्या दर्यात हिंदुस्थानी कुठून आले? म्हातारा थापा मारत होता. एकटा माणूस, ऐकायला कुणी नाही, माझा भोळा नवरा मिळाला, मग काय, सोडल्या बोटी.

दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्यावर मी डब्यात पोहे घेतले आणि त्याच्याकडे गेले. पोहे हे निमित्त. त्याचं किचन बघितलं तर स्वच्छ, ओट्यावर एकही भांडं नाही, आणि त्याची खुर्ची दाराकडे तोंड करून. त्याने मला मॅम म्हणून बसवलं, पोहे खाल्ले, आवडले म्हणाला. मी म्हटलं, चला सुरू करूया.

"त्या बोटीवरच्या मुकादमाची दाढी पांढरी होती ना?" मी विचारलं. असली कुठलीही दाढी मला ठाऊक नव्हती. सापळा होता. हो म्हणाला की संपला.

"मला ठाऊक नाही, मॅम," तो म्हणाला. "चेहरे दिसायचे नाहीत. प्रत्येक बोटीने आपल्या जागी राहायचं, त्यामुळे मधे बरंच पाणी. त्यांनी कांबळी गुंडाळलेली असायची, डोक्यावरूनसुद्धा. कुऱ्हाडींनी बर्फ फोडत असायचे. आम्ही सगळेच फोडत असायचो. लाट आली की डेकवर पाणी उडायचं आणि तिथल्या तिथे गोठायचं. दोरांवर, डोलकाठ्यांवर, तोफेवर. फोडलं नाही तर बोट वरून जड होते आणि कलंडते. शत्रूची गरजच नाही."

"पण त्यांच्या करारात होतं ना की थंडीत न्यायचं नाही?"

तो किंचित हसला. "लढाईत करार कोण वाचतं?"

हे पटलं आणि त्याचाच मला आणखी राग आला. मग मी हळूच विचारलं, ती सुटका करणारी बोट आली तेव्हा काय वेळ होती? तो म्हणाला, तिथे उन्हाळ्यात वेळच नसते, सूर्य मावळत नाही, लपायला अंधार मिळत नाही, तेच तर वाईट.

आता पकडला! कारण नवऱ्याला त्याने सांगितलं होतं की काळोखात नुसते दिवे हलताना दिसले आणि त्यावरून कळलं की माणसं उचलतायत. मी तसं त्याच्या तोंडावर म्हटलं. त्याने चमचा डब्यात ठेवला, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन फेऱ्या होत्या, मॅम. एक हिवाळ्यात. माझी गल्लत होत असेल." आणि रिकामा डबा धुऊन मला परत दिला.

मी घरी येऊन जाहीर केलं, "थापाड्या आहे. एका तोंडाने उजेड म्हणतो, एका तोंडाने काळोख."

नवरा म्हणाला, "चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट गं. आणि खोटं बोलून त्याला काय मिळणार?"

"पोहे मिळाले ना!"

आई सोफ्यावर बसून आमचं भांडण ऐकत होती. ती म्हणाली, "त्याला रविवारी जेवायला बोलाव."

"आई, तो खोटं बोलतोय."

"बोलू दे. मला त्याला विचारायचंय. तू फक्त माझं त्याला सांग आणि त्याचं मला. मधे आपलं काही घालू नको."

रविवारी आईने शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेल्या फ्रोझन सुरमईचं कालवण केलं, कोकम घालून. म्हातारा टाय लावून आला. हाताने जेवायला लागला तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "ही इज गुड अ‍ॅट इट!" आणि आई पहिल्यांदा हसली. ती त्याला आग्रह करकरून वाढत होती. मी मात्र त्याच्यावरची नजर काढली नाही. आई बोटीबद्दल अवाक्षर काढेना. नवरा हवामानावर बोलत होता. जेवण होत आलं तेव्हा नवऱ्याने मुलीला आइस्क्रीम आणायला म्हणून बाहेर नेलं. आम्ही तिघेच उरलो.

मग आईने सुरुवात केली. एक वाक्य ती, एक मी, एक तो.

तुम्ही बोटीवर वर होता की खाली? वर, डेकवर. खाली कोण असायचं? इंजिनातली माणसं, कोळसा घालणारे. तिथे थंडी असायची का? नाही, तिथे भट्टी. ते बनियनवर काम करायचे, घामाने निथळत. वर यायचे ते लोखंडी शिड्या चढून, आणि वर येताच घाम गोठायचा. आईने मान डोलावली. हे तिला ठाऊक असल्यासारखी.

"बोटीला लागलं की खालच्या माणसाला वर यायला किती वेळ मिळतो?" तिने विचारलं.

मी तसंच्या तसं सांगितलं. तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "तिने हेच विचारलंय." त्याने पुन्हा तीच सुटका करणारी बोट काढली. हॉस्पिटल काढलं. नर्सेससुद्धा काढल्या. मी मुकाट्याने मराठी करत होते आणि मनात म्हणत होते, बघ, बघ कसा रंगवतोय.

आईने त्याला पुरतं बोलू दिलं. मग त्याच्या ताटाकडे बोट दाखवून ती मला म्हणाली, "त्याला सांग, माझ्या हातचं जेवलास. आता खाल्ल्या मिठाला जाग. मी रडणार नाही."

हे इंग्लिशमध्ये कसं सांगायचं? मी जमेल तसं, शब्दाला शब्द लावून सांगितलं. हा अमेरिकन माणूस, त्याला काय कळणार, असं मला वाटलं होतं. पण तो खुर्चीत ताठ झाला. हात धुवायला उठावं तसा उठला आणि परत बसला.

"सुटका करणारी बोट आलीच नाही," तो म्हणाला.

मी आईला सांगितलं.

"टॉर्पेडो मधोमध लागला. बॉयलर तिथेच असतात. बोट मोडून दोन तुकडे झाले. तेवढ्या वेळात माझा हातातला कॉफीचा मगसुद्धा खाली ठेवून झाला नव्हता. वरची काही माणसं पाण्यात पडली. त्या पाण्यात हात दोन-तीन मिनिटं चालतात, मग आपले राहत नाहीत. आमची बोट त्यांच्या बाजूने गेली. फार जवळून गेली. आम्हाला थांबायचा हुकूम नव्हता. थांबलेली बोट म्हणजे पुढचं लक्ष्य, आणि मागची येऊन आदळते. त्यांनी हात वर केले होते. आम्ही थांबलो नाही."

हे मी आईला सांगितलं, पण वरच्यांचे हात मी गाळले. तिने लगेच ओळखलं. "सगळं सांग," ती म्हणाली. मी हातांचंही सांगितलं.

"आणि खालचे?"

"खालून कुणीच वर आलं नाही."

आईने टेबलावर पडलेली भाताची शितं गोळा करून ताटात टाकली. मग म्हणाली, "विचार, त्यांना त्रास झाला असेल का?"

तो तिच्याकडे बघून बोलला, माझ्याकडे नाही. "नाही. बॉयलर फुटला की एका क्षणात. त्यांना कळलंसुद्धा नसेल, मॅम."

जाताना दारात त्याने मला सांगितलं, तुमचे मिस्टर म्हणाले की तुमची आई अजून वाट बघतेय, मग मला दुसरं काही बोलताच येईना. माझा संशय खरा निघाला होता, शंभर टक्के खरा, आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही. आणि ते शेवटचं, एका क्षणात झालं, ते तरी खरं होतं का? की तेही त्याने आईकडे बघून बनवलं? मला आजही ठाऊक नाही.

मी आत आले तर आई बाथरूममधून बाहेर येत होती. तोंड धुतलेलं, कपाळ ओलं आणि मोकळं. कुंकवाच्या जागी नुसता एक फिका गोल. जन्मात मी तिचं कपाळ तसं पाहिलं नव्हतं.

"आई! अगं काय केलंस हे?" मी ओरडलेच. "एका परक्या म्हाताऱ्याच्या बोलण्यावर? ती बोट बाबांचीच होती कशावरून? त्याला नाव ठाऊक नाही, साल ठाऊक नाही!"

"नसेलही," ती म्हणाली आणि सिंकपाशी जाऊन ताटं विसळू लागली. "त्याच्या बोलण्यावर नाय पुसलं गो. तुझा बाप मेला ते मला तेव्हाच ठाऊक होतं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चुकलं.

"तुझ्या बापाबरोबर कामाला असायचा तो खालच्या वाडीतला, लढाई संपल्यावर परत आला. त्या खेपेला दुसऱ्या बोटीवर होता म्हणून वाचला. विहिरीवर मला म्हणाला, वहिनी, बोट बुडाली की आगवाला वर येत नाय, वाट बघू नको. मी त्याला म्हटलं, हे बोललास ते बोललास, गावात पुन्हा तोंड उघडू नको. बरा माणूस होता, उघडलं नाय त्याने. फक्त तुझ्या बापाचे हाल झाले काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. तेवढंच राहिलं होतं विचारायचं."

"आणि कुंकू?"

"ते तुझ्या काकासाठी लावत होते." तिने पुढचं ताट घेतलं. "विधवा झाले असते, पदरात एक पोर, तीही मुलगी. मागच्या पडवीत एक कोपरा मिळाला असता आपल्याला. बेपत्त्याची बायको म्हणून घर राहिलं, बाग राहिली, तुझं शिक्षण झालं, तू हिकडे आलीस. आता काका गेला. आता कुणाला दाखवू? उद्या सकाळी तुझ्या बापाला पाणी देऊ. खूप उशीर केला मी."

मला तिचा राग आला. इतका राग मला काकाचाही कधी आला नव्हता. आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. बेपत्ता असलेला बाप निदान कुठे तरी असतो, आणि तो माझ्याकडून त्या दुपारी, ताटं विसळता विसळता, काढून घेतला गेला.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले. "काकाला नको, गावाला नको. मला?"

"तुला कसं सांगणार? आगबोट यायची त्या दिवशी तू शाळा सोडून बंदरावर जाऊन बसायचीस. आगबोटीवरून होडीने काठाला येणाऱ्या एकेकाचं तोंड बघायचीस. तुला तिथे बसलेली बघून गावाला खरं वाटायचं. माझ्या कुंकवाकडे कोण बघत होतं?"

मला ते बंदर आठवलं. आणि तो दिवसही आठवला, मी चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर, जेव्हा आई मला म्हणाली होती की आता मोठी झालीस, आता बंदरावर जाऊ नको. मी अंगणात पाय आपटून रडले होते. तू त्यांना सोडलंस, तुला ते नकोच आहेत, मी वाट बघणार, असं काय काय किंचाळले होते.

"तू मला जाऊ नको म्हणालीस तेव्हा मी तुझ्याशी किती भांडले होते," मी म्हणाले.

"हां. तेव्हा तुझा काका भटजींना घेऊन बेड्याजवळ, फाटकाशी येऊन उभा होता. मला दिसला होता तो, म्हणूनच तेव्हा बोलले. तुझं रडणं ऐकलं त्याने, आणि भटजींना घेऊन तसाच मागे फिरला. परत कधी पुतळ्याचं नाव काढलं नाय."

मग आईने हात पुसले आणि उरलेलं कालवण कुठल्या डब्यात काढू म्हणून विचारलं.